दादाचं ताट

भाऊबीजेला मी दादाला ओवाळलं, करंजी त्याच्या तोंडाशी नेली आणि त्यानं ओठ मिटून घेतले. नको म्हणाला नाही, मान हलवली नाही. फक्त ओठ मिटले. मग खिशातून बिस्किटांचा पुडा काढला, तो बंद आहे हे मला दिसेल असा धरला, दातानं फोडला आणि त्यातलं एक खाल्लं. उरलेला पुडा ताम्हनात ठेवला.

"ओवाळलंस, झालं," तो म्हणाला. "आता जरा हिकडं ये."

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आमचं गाव मुळशी तालुक्यात, लवळ्याच्या डोंगराच्या अलीकडे. भातखाचरं होती, त्यातली काही अजून आहेत. रस्त्याकडच्या तुकड्यावर दादानं घर बांधलं. खाली तो आणि वहिनी राहतात, वरच्या सहा खोल्यांत डोंगरावरच्या कॉलेजांतली मुलं भाड्यानं राहतात. त्याची मुलगी लग्न होऊन नेऱ्याला गेली. मी भूगावला फ्लॅटमध्ये राहते आणि बावीस वर्षं एका दैनिकात काम करते. आधी बातमीदार होते, आता संपादकीय विभागात आहे. हे सांगायचं कारण असं की त्या दिवशी दादानं मला बहीण म्हणून बाजूला बोलावलं नव्हतं.

तो एका जागी उभा राहू शकत नव्हता. फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचा, टाकीला हात लावायचा आणि परत फिरायचा. गेले दोन-तीन महिने त्याचं दिवसभर हेच चाललं होतं. अंगणात त्याच्या पायांनी एक पट्टा गुळगुळीत झाला होता. मी त्याच्याबरोबर त्या पट्ट्यावरून चालले.

"माझ्या जेवनात कायतरी घालत्यात," तो म्हणाला.

"कोण?"

"त्ये तू शोध. तू पेपरवाली ना? आनि वरची पोरं माझ्यावर बोलत्यात. दिसभर. आत्ता बी चाललंय. ऐक."

मी वर पाहिलं. गॅलरीत दोरीवर एक टॉवेल होता. रस्त्यावरून डंपर गेला. बाकी काही ऐकू आलं नाही.

"ह्या दोन गोष्टी तपास आनि मला सांग. दुसऱ्या कुनाला न्हाई, मला."

"बरं," मी म्हटलं.

दादा पंधरा वर्षं पीत होता. गेल्या वर्षापासून सकाळीच सुरुवात व्हायची. पिणं आधी की आवाज आधी, हे घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं. तो स्वतः म्हणायचा, घोट घेतला की पोरं जरा हळू बोलतात. आमच्या आरोग्य पुरवणीत मी डॉक्टरांचे लेख कित्येकदा तपासले आहेत. अन्नात कुणी विष घालतं असं वाटणं, नसलेले आवाज ऐकू येणं. दादाच्या दोन तक्रारी त्या यादीत तंतोतंत बसल्या. त्यानं मला दोन गोष्टी तपासायला दिल्या होत्या आणि मी त्या तपासल्या नाहीत, वर्गवारी करून ठेवल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी मदत शोधायला लागले. बसून नाही, बसवतच नव्हतं. चांदणी चौकाजवळ गाडी अडकली की फोन, ऑफिसच्या जिन्यात फोन, भाजी घेताना फोन. एका मानसोपचार तज्ज्ञाच्या दवाखान्यात विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "पेशंट ड्रिंक करतात का? मग आधी व्यसनमुक्ती करून घ्या." व्यसनमुक्ती केंद्रात विचारलं. तिथले गृहस्थ म्हणाले, "भास होतात का? मग आधी मानसोपचारवाल्यांची चिठ्ठी आणा." वहीच्या एकाच पानावर दोघांची उत्तरं एकाखाली एक लिहिलेली होती. वाचताना ते दोघं एकमेकांशीच बोलताहेत असं वाटायचं.

आणखी एका केंद्रातला माणूस मात्र अगदी तयार होता.

"काही काळजी करू नका, मॅडम. आम्ही गाडी पाठवतो. चार माणसं येतात. सकाळी सहाला, झोपेतच उचलतो. फक्त पेशंटला काही सांगू नका."

चुलत भावानं देवऋषाकडून अंगारा आणला आणि दादाच्या उशीखाली ठेवला, त्याला न सांगता. ऑफिसातला सहकारी म्हणाला, बीपी तपासायला जायचंय म्हणून गाडीत घाल आणि सरळ दवाखान्यात ने. नेऱ्याहून भाची म्हणाली, "आत्या, तू काय ते ठरव, पण बाबांना कळू देऊ नको." एवढ्या सल्ल्यांत एवढंच सगळ्यांचं एकमत होतं. त्या वेळी मला ते खटकलं नाही. येत्या रविवारी सकाळी सहाची गाडी मी ठरवून टाकली.

मधल्या बुधवारी दुपारी वहिनीचा फोन आला.

"वन्सं, तुमचं दादा लाल झाल्यात."

मी पोचले तेव्हा तो फाटकाच्या खांबाला टेकून बसला होता. चेहरा, मान, कान विटेसारखे लाल. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. समोर उलटी झालेली. छातीवर हात दाबून धरला होता आणि त्या हाताखाली ठोके शर्टावरून दिसत होते.

"बग," तो मला म्हणाला. "सांगितलं व्हतं. तपास केलास का?"

गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. रक्तदाब उतरला होता. त्यांनी सलाइन लावलं, संध्याकाळपर्यंत थांबले. दुपारी वहिनीच्या हातचं जेवून त्यानं त्यावर दारूची क्वार्टर घेतली होती, तासाभरात हे झालं. वहिनी दारात उभी होती. तिचा तेव्हाचा चेहरा माझ्या लक्षात आहे, कारण मला तो कळला नव्हता. त्यावर भीती नव्हती.

तोवर दादा दुसऱ्या कुणाचं काही खात नसला तरी वहिनीच्या हातचं जेवत होता. आमटी दोघांची एका पातेल्यातली, भात एकाच भांड्यातला, म्हणून. बुधवारनंतर तेही बंद झालं. पाण्याची सीलबंद बाटली, केळी, शहाळं, स्वतः उकडलेली अंडी. दूध पिशवीतलं, चहा स्वतः करायचा.

"ज्याला साल हाय त्येच खानार," त्यानं जाहीर केलं.

वहिनी म्हणाली, "मंग फनस आना. साल बी हाय आनि वर काटं बी."

तो हसला नाही. चालत राहिला.

गुरुवारी मी सरकारी मोफत हेल्पलाइनला फोन केला. आत्महत्येची बातमी असली की आम्ही खाली चौकटीत तो नंबर छापतो. कित्येकदा छापला होता, लावला पहिल्यांदाच. पलीकडून एक शांत बाई बोलल्या. दादा झोपतो का, खातो का, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचं बोलतो का, असं एकेक विचारत गेल्या. मी नेमकी उत्तरं देत होते. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणी त्यांना नकळत दारू सोडवायचं औषध देतंय का?"

"नाही."

"विचारलंय तुम्ही?"

मी वहीची पानं चाळली.

"विचारून घ्या," त्या म्हणाल्या. "देत असतील तर आधी ते बंद करा. त्यावर दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं. आणि रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. तेही धोक्याचं असतं. दवाखान्यात न्या. दोन्ही आजारांवर एकदम उपचार होतात. आधी हे की आधी ते, असं करत बसू नका."

फोन ठेवल्यावर मी त्या "नाही"कडे परत आले. एखाद्या वॉर्डबॉयवर आरोप असला तरी त्याचं म्हणणं विचारल्याशिवाय मी बातमी छापली नसती. घरात एकच माणूस स्वयंपाक करतो आणि त्या माणसाला मी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी गेले. वहिनी ओट्यावर नवा तांदूळ पाखडत होती. दादा अंगणात नव्हता. मी चप्पल न काढताच विचारलं, "वहिनी, दादाच्या जेवणात तुम्ही काही घालता का?"

सूप थांबलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "पूड."

"कसली?"

"दारू सुटायची. पंधरा दिस झालं. ताटात चटनी वाडली की त्यात. आदी चिमटीभर घालायची, बुधवारी आख्खी पुडी घातली. पातेल्यात न्हाई, त्येंचं ध्यान असतंय." तिनं कोंडा फुंकला. "गुन येतुया की, वन्सं. बुधवारी बगितलं न्हाई? पिलं आनि वकलं. अशी किळस बसली की सुटतीया."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी कवा इचारलं?"

ती आत गेली आणि देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागून एक कात्रण घेऊन आली. 'न सांगता दारू सोडवा. चहा, भाजी, आमटी, कशातूनही. रंग नाही, वास नाही. घरपोच.' खाली फोन नंबर. अक्षराचं वळण मी ओळखलं. आमच्याच छोट्या जाहिरातींच्या पानावरचं होतं.

"तुमच्याच पेपरात आलंया," वहिनी म्हणाली. "म्हनून तर मागवलं. दुसऱ्या पेपरावर मी इस्वास ठिवला नसता. तुमी काय खोटं छापता व्हय?"

त्या पानाच्या तळाशी एक ओळ असते: वाचकांनी खातरजमा करूनच व्यवहार करावा. ती ओळ पानातल्या सगळ्यात बारीक टायपात असते. वहिनीनं ती जाहिरातीबरोबर कापून घेतली नव्हती. मी तिच्या जागी असते तरी घेतली नसती.

"पूड कुठं आहे?"

"हाय की चार पुड्या. पन आता जेवतच न्हाईत, तर घालू कशात? म्हनून आज सकाळी साखरंत घातली. चा सोता करत्यात, साखर आपलीच."

"प्यायला का चहा?"

"दोनदा."

"आणि आता कुठं गेलाय?"

वहिनीनं रस्त्याकडे हात केला. तेव्हा पहिल्यांदा सूप थांबलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला काहीतरी कळलं असावं.

"वन्सं, त्येंना सांगू नका," ती म्हणाली. "सांगितलंत तर जल्मात माझ्या हातचं पानी पिनार न्हाईत."

मी पुड्या पर्समध्ये टाकल्या, साखर ओतून टाका म्हटलं आणि निघाले.

पिरंगुटच्या रस्त्याला त्या वेळी कंपन्यांच्या बसगाड्या आणि खडीचे डंपर एकाच लेनमधून जात असतात. दारूचं दुकान तीन किलोमीटरवर. मी हॉर्न वाजवला, तो कुणी ऐकला नाही. गाडीत मी वाक्यं जुळवत होते. बीपी तपासायचंय म्हणावं. मुलगी आलीय म्हणावं. बाटली हातातून काढून घेता येईल असं काहीही चालणार होतं, खरं सोडून. कारण खरं सांगितलं तर त्याचा संशय पक्का होणार, दवाखाना संपला आणि वहिनीही संपली. पण बंद पुड्याशिवाय काही न खाणारा माणूस खोटं सांगून गाडीत बसणार नव्हता, हेही दिसत होतं. तो गेला महिनाभर दुसरं काही करतच नव्हता, फक्त कोण काय लपवतंय ते बघत होता.

दुकानाशेजारच्या बंद टपरीच्या फळीवर तो बसला होता. हातात क्वार्टर. बाटली उन्हात धरून झाकणाचं सील बघत होता.

"दादा, थांब," मी गाडीतूनच ओरडले. "तू सांगितलेलं खरं आहे."

त्यानं मान वळवली.

"जेवणात घालत होते. मी तपासलं. आजच्या साखरेत पण आहे. आत्ता प्यायलास तर परवासारखं होईल, कदाचित त्याहून वाईट."

"कोन?"

"वहिनी. दारू सुटावी म्हणून. तिला वाटलं औषध आहे." मी गाडीतून उतरले आणि पुडी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटसुलट केली. नाव होतं, आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं. त्याचे पाय जमिनीवर टेकलेले होते आणि हलत नव्हते. कित्येक आठवड्यांत ते मी पाहिलं नव्हतं.

"मंजी म्या येडा न्हाई," तो म्हणाला.

याच वाक्याची मला भीती होती.

"एक गोष्ट खरी निघाली," मी म्हटलं. "दुसरी तपासायची राहिलीय. वरच्या मुलांची. आत्ता जाऊन बघू. तूही चल."

"पुन्यावानी बोलू नगं. सरळ सांग. म्या येडा हाय का न्हाई?"

"मला म्हाईत न्हाई, दादा."

यापलीकडे माझ्याकडे खात्रीचं काहीच नव्हतं. त्यानं बाटली न फोडता खिशात घातली आणि गाडीत येऊन बसला. वाटेत दोनदा म्हणाला, "हळू चालव." मी तीसनं चालवत होते.

वहिनीनं साखर भिंतीकडेला ओतली होती. मुंग्या आल्या होत्या. ती ओट्यावर उभी होती, पदर हातात घट्ट धरून. दादा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"किती दिस?"

"पंधरा."

"येवडा लाल झालो, तवा बी बोलली न्हाईस."

"गुन येतुया वाटलं."

"गुन!" तो म्हणाला. "बैलाला औषद पाजत्यात, तवा त्याला नळी तरी दिसती. मला तेवडी बी दावली न्हाईस."

"बैल पीत न्हाई," वहिनी म्हणाली. मग तिला रडू फुटलं आणि ती रडतरडतच म्हणाली, "काय करू मग? सांगून थकले. तुमी ऐकलं का कवा? पंधरा वरसं सांगितलं."

दादानं वरच्या मजल्याकडे पाहिलं. किल्ल्या कुठं आहेत एवढं विचारलं.

तो स्वतःच्या घराच्या वरच्या मजल्यावर कित्येक महिन्यांत गेला नव्हता. जिन्यात माझ्या मागे राहिला. सहाही खोल्यांना कुलपं होती. पहिली उघडली. कोंडलेला वास, गुंडाळलेली गादी, भिंतीत अडकवून राहिलेला चार्जर. फरशीवर धूळ, आणि त्या धुळीत आधी कुणाच्याच पावलाचा ठसा नाही.

"पोरं कुटं?"

"दिवाळीला गावी गेली," मी म्हटलं. हेही मला पाच मिनिटांपूर्वी कळलं होतं, किल्ल्या घेताना.

"धनतेरसच्या आदल्या दिशी गेली," खालून वहिनी म्हणाली. "अजून कोन बी आलं न्हाई."

भाऊबीजेला अंगणात त्यानं मला 'ऐक' म्हटलं होतं. तो मनातल्या मनात दिवस मोजत असावा, बोटं हलत होती. मग त्यानं माझ्या हातातून किल्ल्या घेतल्या आणि उरलेल्या पाचही खोल्या स्वतः उघडल्या. गाद्या उचलून पाहिल्या. संडासाचं दार ढकलून पाहिलं. एका खोलीत पाल होती. शेवटच्या खोलीत तो मधोमध उभा राहिला आणि मान थोडी तिरपी केली.

"आत्ता बी बोलत्यात," तो हळू म्हणाला.

"काय म्हणतात?"

"म्हनत्यात, बग, बहीन आली फशिवायला." तो माझ्याकडे वळला. "तुला न्हाई ऐकू येत?"

"न्हाई."

"खरं सांग."

"न्हाई, दादा."

वहिनी जिना चढून दारात आली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुला?"

"न्हाई वो," ती म्हणाली.

तो गुंडाळलेल्या गादीवर बसला. खिशातली बाटली टोचली असावी, ती काढून फरशीवर ठेवली. मी पण बसले, पुन्हा उठले, खिडकी उघडली. रस्त्यावर गाड्या जात होत्या आणि तो त्यांच्याकडेही कान देत होता, एकेक आवाज वेगळा करत असल्यासारखा.

"पूड खरी," शेवटी तो म्हणाला. "आनि ही न्हाईत."

मी हो म्हटलं.

"मंग चल, कुटं न्यायचं त्ये. पन मला सांगून न्ये. कुटं, कोन डाक्टर, काय देनार, समदं."

समदं म्हटल्यावर मी रविवारच्या गाडीचंही सांगितलं.

"चार मानसं?" तो म्हणाला. "मला उचलाया? दोगं बास व्हती." वहिनी डोळे पुसत हसली.

मी त्याच्यासमोर केंद्राला फोन करून गाडी रद्द केली. पलीकडचा माणूस चिडला. "पेशंटला सांगितलंत, मॅडम? झालं. आता तो पळणार." पेशंट तोवर खाली जाऊन मोरीत पाय धूत होता. दवाखान्यात जायचं म्हणून.

कोथरूडच्या बाजूच्या एका रुग्णालयात आम्ही तिघं दुपारी पोचलो. डॉक्टर बाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी आधी दादाला विचारलं, मग वहिनीला, मग मला. पुडीचं नाव लिहून घेतलं, आत काय आहे ते सांगता येत नाही म्हणाल्या, आणि पूड घालत होते ही गोष्ट कागदावर स्वच्छ लिहिली. दादानं ते वाकून वाचलं. मग त्याला भरती करून घेतलं. दारू टप्प्यानं उतरवायची औषधं आणि आवाजांची औषधं एकाच वेळी सुरू झाली. दारू आधी की आवाज आधी, हे मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, ते आज ठरवायची गरज नाही. पहिल्या तीन रात्री त्याचे हात कापत होते. दर गोळीला तो नर्सला विचारायचा, ही कशाची. दोघी नर्स लगेच सांगायच्या. तिसरी कंटाळायची, पण सांगायची.

ते कात्रण मी ऑफिसात जाहिरात विभागाच्या प्रमुखाकडे नेलं. तो म्हणाला, "खाली ओळ असते ना." मी लेखी तक्रार दिली. ती जाहिरात आता येत नाही. त्याच मजकुराची दुसरी येते, वेगळ्या नंबरानं. तिच्यासाठीही तक्रार दिली आहे. रोज सकाळी मी पहिल्या पानाआधी ते पान उघडते.

त्यानंतर दादा दोनदा प्यायला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी त्यानंच फोन करून सांगितलं, दोन्ही वेळा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. आवाजांचं विचारलं तर म्हणतो, "हायेत. पन रस्त्याच्या पल्याड." मुलं खोल्यांवर परत आली आहेत, त्यामुळे आता वर खरोखर आवाज असतात आणि त्याला वेगळं करायला त्रास होतो. मग तो जिना चढून वर जातो आणि दार वाजवून विचारतो, "आत्ता बोललात का रं?" पोरांना आता सवय झाली आहे. गोळ्या तो स्वतःच पाकिटातून फोडून घेतो. त्या वेळी वहिनी दोन हात लांब बसते, हात मांडीवर ठेवून.

जेवणाला वेळ लागला. जवळजवळ दोन महिने तो सालीवरच होता. मग त्यानं स्वतःच एक नियम काढला. ताट वाढलं की वहिनीनं त्यात काय काय घातलंय ते सांगायचं. सगळं सांगून झालं की तो जेवायला सुरुवात करतो.

परवा मी तिथं जेवायला होते. वहिनीनं तिघांना वाढलं आणि सांगायला लागली. "तेल, मोहरी, हिंग, कडीपत्ता, तुरीची डाळ, हळद, काळा मसाला, मीठ, चिंच."

दादानं बोटानं आमटी चाखली. "आनि?"

"आनि काय?"

"ग्वाड लागतंय."

वहिनीनं आठवून पाहिलं. "गूळ. सुपारीयेवडा."

"मग सांगाया नगं?"

"सांगितलं की आता. गुळाचा काय जीव जातुया व्हय?"

"सांगाया पायजे," तो म्हणाला आणि भात कालवला. माझ्या लक्षात आलं, मीही हात लावायची थांबले होते.

अर्ध्या जेवणात तो उठला. त्याला अजून सलग बसवत नाही. उष्ट्या हातानंच फाटकापर्यंत गेला, टाकीपर्यंत गेला, परत आला आणि ताटासमोर बसला. ताट होतं तिथंच होतं. त्यानं ताटाकडे पाहिलं, मग वहिनीकडे.

"मदी काय बी न्हाई घातलं," वहिनी म्हणाली.

त्यानं पुढचा घास घेतला.